एकेरी कागद

आमच्या घरातले सगळे पासपोर्ट माझ्याकडे असत. कपाटाच्या वरच्या खणात एक निळी प्लास्टिकची फाइल, तिच्यात माझा, बायकोचा आणि मुलीचा असे तीन, त्यांच्यामागे भाडेकरार, लग्नाचा दाखला, व्हिशाच्या प्रती. बायको थट्टा करायची की घराला आग लागली तर हा आधी फाइल घेऊन पळेल आणि मग आम्हाला हाक मारेल. मी म्हणायचो, फाइल वाचली तर निदान तुम्ही कोण ते तरी सांगता येईल.

कागद हा माझा धंदाच आहे. दुबईच्या देरा भागातल्या एका क्लिअरिंग एजन्सीत मी डॉक्युमेंटेशन बघतो. खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर उतरला की त्याचे कागद आमच्या टेबलावर येतात, आणि वीस वर्षांत माझ्या चुकीमुळे एकही कंटेनर अडलेला नाही. बायकोची ओळखसुद्धा कागदावरूनच झाली. ती थायलंडहून फळं मागवणाऱ्या एका कंपनीत होती. रामबुतानच्या पेट्यांचा एक दाखला आला नव्हता, म्हणून मी फोनवर तिच्यावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी ती दाखला आणि सोललेल्या चिंचेचा डबा घेऊन ऑफिसात आली. चिंच गोड होती. गोड चिंच मी जन्मात पहिल्यांदाच खाल्ली.

लग्नाला आता अकरा वर्षं झाली. शारजाला दोन खोल्यांचं घर, आठ वर्षांची मुलगी. आम्ही आपसात इंग्रजी, थोडी हिंदी आणि माझ्या आईनं तिला शिकवलेलं मराठी अशी खिचडी बोलतो. मला ती ‘अहो’ म्हणते, पण शेवटचा ओ तिच्या भाषेच्या चालीवर लांबवून, त्यामुळे ती हाक नेहमी प्रश्नासारखी वाटते.

तिची आई थायलंडच्या ईशान्येकडच्या एका खेड्यात एकटी राहायची. रोज सकाळी व्हिडिओ कॉल. पहिला प्रश्न ठरलेला: जेवलीस का? माझी आईही फोनवर तेच विचारायची, म्हणून थाई भाषेतलं मला आधी कळू लागलेलं वाक्य तेच. मी पडद्यासमोर गेलो की सासू मलाही विचारायची. मी पोटावर हात फिरवून दाखवायचो आणि ती हसायची. आमच्या दोघांचं बोलणं एवढंच, पण ते रोजचं.

मार्चमधल्या एका सकाळी फोनवर आईऐवजी शेजारीण दिसली. आईला रात्रीत झटका आला होता. डावी बाजू गेली होती, वाचा गेली होती, जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं होतं. बायकोनं फोन ठेवला आणि म्हणाली, “अहो, तिकीट बघा. आजचं.”

मी फाइल काढली. तिचा तो गडद लाल पासपोर्ट उघडला आणि तारीख दोनदा वाचली. मुदत संपून चार महिने झाले होते.

हे कसं झालं ते सांगतो, कारण इथं राहणाऱ्यालाच ते कळेल. आखातात आपला जीव व्हिशाला टांगलेला असतो. व्हिशाची तारीख झोपेतून उठवून विचारा, कोणीही सांगेल. तिचा व्हिसा मी मागच्या वर्षी दोन वर्षांसाठी वाढवला, तेव्हा पासपोर्टला आठ महिने शिल्लक होते. व्हिशाला सहा पुरतात. काम झालं, फाइल बंद. दोन वर्षांची निश्चिंती म्हणून मी कपाट लावलं, आणि त्यानंतर आम्ही कुठं गेलोच नाही. दुसऱ्यांच्या कंटेनरची एकेक तारीख जपणारा मी, बायकोचा पासपोर्ट माझ्या नाकाखाली मेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझे वडील म्हणायचे. ते माझ्याबद्दलच म्हणत असावेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुबईला तिच्या वकिलातीत गेलो. गाडीत ती शेजारणीला फोन लावत राहिली. माझ्यावर चिडलीही नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

काचेपलीकडे तिच्याच वयाची एक बाई होती. तिचं थाई बोलणं मऊ होतं. माझ्या बायकोनं आईचं सांगितलं तशी त्या बाईनं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग दोघी बराच वेळ बोलल्या आणि बायको माझ्याकडे वळली.

“पासपोर्ट बँकॉकला छापतात. इथं यायला तीन-चार आठवडे. पण ती म्हणते, दुसरा एक पेपर मिळतो. इमर्जन्सी. उद्या हातात. फक्त वन वे आहे, थायलंडला जायला.”

“आणि परत कशी येणार?”

“तिकडे नवा पासपोर्ट करायचा. तिकडे दोन-तीन दिवसांत देतात.”

वन वे हा शब्द ऐकला आणि मला काका आठवला.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना माझा काका शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करायचा. व्हिसा कधीच संपला होता. लपून राहायचा आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा. मग सरकारनं माफी जाहीर केली: ज्यांचे कागद नाहीत त्यांनी आउटपास घ्या आणि देश सोडा. आउटपास म्हणजे एक पांढरा कागद, कोपऱ्यात फोटो, एकदाच चालणारा. विमानतळावर काकानं तो मला दाखवला आणि म्हणाला, “बघ रे, तुझ्या काकाचा रिझल्ट लागला.” आम्ही सगळे हसलो. घरी येताना वडील म्हणाले, “खलास. आता तो परत येत नाही.” आणि तो आलाच नाही. रत्नागिरीत रिक्षा चालवत राहिला आणि तिथंच वारला. आखातात वाढलेल्या आमच्यासारख्या पोरांना भुताची भीती नसते, आउटपासची असते.

हा कागद तो नव्हे, हे मला त्या क्षणीही कळत होतं. काकाकडे व्हिसा नव्हता, हिच्याकडे होता. पण भीतीला असले फरक कळत नाहीत. मी म्हणालो, “नको. तुझा व्हिसा जुन्या पासपोर्टच्या नंबरावर आहे. येताना एअरपोर्टवर अडवलं तर? पोरगी इथं, तू तिथं. नीट पासपोर्ट येऊ दे, मग जा. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.”

काचेपलीकडच्या बाईला माझा सूर कळला असावा. ती इंग्रजीत म्हणाली, “सर, बरेच जण असंच जातात. परत येतात. काही होत नाही.”

मी मान हलवली, पण तिचं म्हणणं मनावर घेतलं नाही. कुणाला तरी विचारावं, एक फोन करावा, इमिग्रेशनच्या हेल्पलाइनवर खात्री करावी, यातलं काहीही केलं नाही. एखाद्या गिऱ्हाइकाचा कंटेनर असता तर दहा फोन केले असते.

बायको हळू आवाजात मराठीत म्हणाली, “तुम्हाला जास्त कळतं.” हे वाक्य तिला माझ्या आईनंच शिकवलं होतं. आई ते वडिलांना टोमणा म्हणून मारायची. हिनं ते खरं मानून म्हटलं.

मग नव्या पासपोर्टसाठी तिचा फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले. मशीनसमोर ती पाठ ताठ करून बसली, केस कानामागे घेतले. बाहेर आल्यावर मी म्हणालो, “आता बघ, इन्शाल्ला तीन आठवड्यांत येईल.” ती म्हणाली, “हो.”

त्यानंतर आम्ही घरात फोनला फार जपू लागलो. शेजारीण इस्पितळात फोन आईच्या तोंडासमोर धरायची. आईचा अर्धा चेहरा हलायचा. बायको इकडून बोलत राहायची, मुलगी “याय, आय गॉट अ स्टार टुडे” म्हणून वही दाखवायची. याय म्हणजे आईची आई. एकदा मी पडद्यासमोर गेलो. म्हातारीनं बराच वेळ मला ओळखायचा प्रयत्न केला, आणि मग चांगला हात उचलून स्वतःच्या पोटावर फिरवला. जेवलास का, असं विचारत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं, जा, तो कागद घे आणि जा. आम्ही अर्ज करून नऊ दिवस झाले होते. मी मनात हिशेब केला, निम्मे दिवस तर सरले.

सतराव्या दिवशी, सकाळी अकराला, ऑफिसात तिचा फोन आला. “अहो,” ती म्हणाली, “मे गेली.” मे म्हणजे आई. मागं गाडीचा आवाज येत होता. मी म्हणालो, “तू कुठं आहेस? मी येतो घरी.” ती म्हणाली, “घरी नाही. टॅक्सीत आहे. वकिलातीत चालले.”

मी पोहोचलो तोवर तिनं त्या इमर्जन्सी कागदाचा अर्ज भरून सही केली होती. मला काही विचारलं नाही. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. काचेपलीकडे तीच बाई होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याबद्दल मी आजही तिचा आभारी आहे. दुसऱ्या दिवशी त्या एकेरी कागदावर बायको गेली. तिच्या गावाकडे दहन चार-पाच दिवस थांबवतात, भिक्खू रोज संध्याकाळी येऊन पाठ म्हणतात, म्हणून तिला आईचा चेहरा नाही तरी पेटी दिसली.

विमानतळावर तिचे कागद बघणाऱ्यानं काहीही अडवलं नाही. ती आत जाताना मुलीनं मला विचारलं, “बाबा, वाय डिडन्ट मम्मा गो बिफोर?” मी म्हणालो, “पासपोर्ट नव्हता.” हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि आठ वर्षांच्या पोरीला ते कळलं असावं.

त्यानंतर आठवड्याभरात पासपोर्ट आला. तिनं लिहून दिलेलं अधिकारपत्र दाखवून मी तो घेतला. गाडीत बसून उघडला. फोटोत केस कानामागे घेतलेले, नजर सरळ. हा फोटो काढला तेव्हा तिची आई जिवंत होती आणि आपण भेटू असं तिला वाटत होतं. पुढची दहा वर्षं प्रत्येक विमानतळावर ती हाच चेहरा पुढं करणार.

पासपोर्ट मी कुरियरनं पाठवला. शंभराव्या दिवसाचे विधी करून ती परत येणार होती, आणि त्या तीन महिन्यांत माझी भीती अजून शाबूत होती. नवा नंबर, जुना व्हिसा. मी व्हिशाच्या प्रती, लग्नाचा दाखला, जुन्या पासपोर्टची प्रत असा सगळा गठ्ठा तिला मोबाइलवर पाठवला, आणि ती उतरायची त्या दिवशी गठ्ठा हातात घेऊन मुलीबरोबर विमानतळावर दोन तास आधीच जाऊन उभा राहिलो.

ती लवकरच बाहेर आली. बारीक झाली होती. मुलगी धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. मी पहिलं काय विचारलं? कशी आहेस, हे नाही. मी विचारलं, “काही प्रॉब्लेम? काय म्हणाले आत?”

“काही नाही,” ती म्हणाली. “कॉम्प्युटरमध्ये बघितलं. अर्धा मिनिट. वेलकम बॅक म्हणाला.” तिच्या आवाजात राग नव्हता. मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

अर्धा मिनिट. मी हातातला गठ्ठा तिच्या ट्रॉलीत ठेवला आणि ट्रॉली ढकलू लागलो.

घरी आलो. तिनं आईची एक ओढणी बॅगेतून काढून कपाटात ठेवली, मुलीला गोड चिंच दिली. मी वरच्या खणातून निळी फाइल काढली आणि सवयीनं हात पुढं केला. पासपोर्ट तिच्या हातात होता. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग पासपोर्ट आपल्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

“जेवलात का?” तिनं विचारलं, आणि पर्स घेऊन स्वयंपाकघरात गेली.