बेलिफमामांच्या तीन हाका

बेलिफमामा नेहमी रस्त्याच्या मधोमध चालायचे. राजापेठेसारख्या ठिकाणी, जिथे क्लासला निघालेली पोरं एका गाडीवर तिघं-तिघं बसून कुठूनही अंगावर येतात, तिथे हा वाळका माणूस पांढरा शर्ट घालून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून दुभाजकाला धरून जायचा. हॉर्न वाजायचे, शिव्या पडायच्या, पण मामा कडेला सरकत नसत. चपलेचा अंगठा तुटला तर दुभाजकावरच बसून तो नीट करत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "दुकानासमोर थांबलो का दुकानदार अर्धा मरते रे, रशीद. काहून कोनाच्या जीवाले घोर लावू?"

त्यांचं खोटं नव्हतं. मामा कोर्टाचे बेलिफ होते. भाडेकरूला दुकान खाली करण्याची नोटीस पोचवायची आणि निकाल लागला की दुकानाचा कब्जा घेऊन मालकाच्या हवाली करायचा, हे त्यांचं काम. अशा माणसानं नुसता श्वास घ्यायला म्हणून कुणासमोर पाय थांबवला तरी आतला माणूस गिऱ्हाईक सोडून उभा राहायचा. आमच्या दुकानांच्या लाइनीतल्या न्हाव्यानं तर एकदा त्यांच्यापुढे हातच जोडले. "मामा, तुमी खुर्चीत बसले का माह्या हाताले कापरं भरते. वस्तरा लागला तं माह्यावर नका येऊ." तेव्हापासून मामा केस कापायला भातकुलीकडच्या आपल्या गावी जायचे. अख्ख्या अमरावतीत न्हावी नसलेला हा एकटाच माणूस, अशी आम्ही त्यांची थट्टा करायचो. अर्थात, ते गेल्यावर.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या धंद्यामुळे. माझं कुलूप-किल्लीचं दुकान आहे. अब्बांनी टाकलेलं; धंदा आमचा, जागा भाड्याची. कब्जा घ्यायला गेलं आणि भाडेकरू कुलूप लावून निघून गेलेला असला की मामांना कुलूप उघडणारा लागायचा. बाकीचे किल्लीवाले या कामाला अपशकुनी समजून टाळत. मी जायचो. दुसऱ्याच्या दुकानाचं कुलूप उघडताना दर वेळी आपलंच शटर डोळ्यांपुढे यायचं, तरी जायचो, कारण मामांच्या हाका मला ऐकायच्या असत.

त्या हाका काय होत्या ते सांगायला हवं. मामा दुकानासमोर, पण रस्त्यातच उभे राहत. चपला काढत. मग त्या वाळक्या छातीतून असा आवाज निघे की वरच्या मजल्यावरची माणसं खिडकीत यायची. भाडेकरूचं पूर्ण नाव, वल्द करून बापाचं नाव, आणि पुढे "हाजीर हाय का?" मग थांबत. एखादा माणूस हातातलं काम ठेवून बाहेर यायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ. मग दुसरी हाक. पुन्हा तसाच वेळ. मग तिसरी. दुकान उघडं असो, बंद असो, समोर खुद्द भाडेकरू हात जोडून उभा असो, तीन हाकांशिवाय मामा कागदाला हात लावत नसत. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मधली ती शांतता फार वाईट असायची. ज्याचं नाव घेतलं तो तर गेलाच. पण ज्यांचं घेतलं नाही तेही आपलं भाडं कुठवर भरलंय ते मोजायला लागायचे.

"कोर्टातल्यावानी तीनदाच काहून, मामा? समोर उभा हाय ना माणूस," मी म्हणायचो.

"त्याले समजाले पायजे का जिता मानूस हाक मारून राहिला," मामा सांगायचे. "आमच्या गावात लहानपनापासून सांगत, एकदा हाक आली तं ओ द्याची नाई. थे आपल्यातलं नसते. जिता मानूस तीनदा मारते."

गंमत म्हणजे मामांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. पौर्णिमेला विहारात जाणारा माणूस, "जय भीम"शिवाय कुणाशी बोलणं सुरू न करणारा. कुणी अंगारे-धुपारे काढले की चिडायचा. "मी भुताले नाई मानत. पन दुकानदार मानते ना. तं त्याच्या मनात शंका नाई पायजे."

कब्जा घ्यायच्या दिवशी त्यांचा आणखी एक शिरस्ता होता. मालक शटरला हात लावायला घाई करायचा, हमाल सामान उचलायला धावायचे. मामा सगळ्यांना बाहेर थोपवत आणि भाडेकरूला म्हणत, "पयले देव उतरवा. मंग तुमी बाहीर या. माल सगळ्यात मांगून." लक्ष्मीचा फोटो असो, मामांच्या घरात असते तशी बुद्धाची मूर्ती असो, आमच्याकडे असते तशी कुराणातल्या आयतीची फ्रेम असो, ती भाडेकरूनं स्वतःच्या हातानं उतरवून कपड्यात बांधेपर्यंत आत कुणी पाय टाकायचा नाही. मी पाहिलंय, भांडायला कंबर कसून उभे असलेले लोक त्या एका वाक्यानं खुर्चीवर चढत आणि खाली उतरेपर्यंत शांत झालेले असत.

आता त्या शिंप्याच्या दुकानाचं सांगतो. हे मी फारसं कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक माझ्याकडे बघून हसतात.

वामन टेलर म्हणून एक जुना माणूस होता, सूट शिवणारा. रेडिमेडच्या दिवसांत त्याचा धंदा बसला, दुकानाला कुलूप लागलं आणि तो कुठे गेला ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे मुलीकडे आहे, कुणी म्हणे नागपूरला. मालकानं दावा लावला, निकाल घेतला. थंडीतल्या एका दुपारी आम्ही कब्जा घ्यायला गेलो: मामा, मालक, एक पोलीस आणि मी. शटर इतकं धुळीनं माखलेलं की नावाची अक्षरं वाचता येत नव्हती. मामांनी चपला काढल्या. पहिली हाक मारली. दुसरी मारली. मी हत्यारांची पिशवी उघडून कुलपापाशी बसलो होतो. तिसरी हाक झाली आणि शटरच्या आतून, माझ्या कानापासून हातभर अंतरावरून, एक थकलेला आवाज आला, "आलो."

माझ्या हातातली तार खाली पडली. पोलिसानं मालकाकडे पाहिलं. मालक म्हणाला, बाजूच्या दुकानातला रेडिओ असेल. बाजूचं दुकान बंद होतं.

"चला, उघड रे," मालक मला म्हणाला. मी हात पुढे केला, तर मामांनी माझं मनगट धरलं. "थांब. येतो म्हनला ना थो."

आणि मामा खरंच थांबले. रस्त्याच्या कडेला पिशवी टाकून तिच्यावर बसले, शटरकडे तोंड करून, जसं आपण कुणाच्या दारात घरचा माणूस कपडे करून येईपर्यंत बसतो. मालकानं आधी विनवलं, मग वकिलाला फोन लावला, मग कोर्टात तक्रार करतो म्हणाला. मामा हलले नाहीत. सूर्य बुडाला की कब्जा घेता येत नाही, त्यामुळे मालकाचा जीव वर-खाली होत होता. उन्हं शटरवरून सरकत वर गेली. आतून काही आवाज आला नाही. पण आत कुणी नाही असं मला एकदाही वाटलं नाही. बंद दाराआड माणूस असला की जे वाटतं तेच सारखं वाटत होतं. अगदी शेवटी, वरच्या पत्र्यावर थोडं ऊन उरलं असताना, मामा उठले. "आता उघड," म्हणाले.

इतक्या वर्षांचं गंजलेलं कुलूप. मी तेल, करवत सगळं आणलं होतं. तार घातली आणि ते पहिल्या झटक्याला उघडलं.

आत धूळ. मशीनवर धूळ, टेबलावर, टांगलेल्या अर्धवट कोटांवर, जमिनीवर, सगळीकडे सारखी. आणि शटरच्या अगदी आतल्या बाजूला, बाहेर तोंड करून, जोडीनं ठेवलेल्या जुन्या चपला. त्यांच्यावर धुळीचा कण नव्हता.

मालक मागे सरला. मामांनी वाकून त्या चपला दोन्ही हातांनी उचलल्या, बाहेर आणून पायरीवर रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या. थोडा वेळ तसेच बाजूला होऊन उभे राहिले. मग मालकाला म्हणाले, "जाऊ द्या त्याले. मंग तुमी या."

वामन टेलर त्या पावसाळ्यातच मुलीच्या घरी वारला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

परत येताना मामा माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. मी विचारलं, "मामा, काय होतं ते?"

"मले काय माहीत? भुताले मी मानत नाई, तुले सांगतलं ना." मग म्हणाले, "पन मानसानं ओ देल्ली का थांबा लागते, रशीद. थो जिता हाय का मेला, हे पाहाचं काम बेलिफाचं नाई."

त्याच दिवशी, का कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, माझ्या दुकानाची नोटीस निघाली तर मला आधी सांगाल ना? अब्बांचं दुकान आहे. एक दिवस आधी कळलं तरी पुरे. लोकांसमोर नाव पुकारलेलं मला सोसायचं नाही."

मला वाटलं, इतक्या वर्षांची सोबत आहे, हो म्हणतील. मामांचा आवाज मागून एकदम कोरडा आला. "नाई. कोर्टाचा कागद आधी फोडू काय? मी जिता हाओ तवर नाई."

मला राग आला. बरेच दिवस मी त्यांच्या कामाला गेलो नाही. मग गेलो. हा माणूस आपल्या हाकेशी बेइमानी करणार नाही हे कळत होतं, आणि खरं सांगायचं तर मला तो त्याच गोष्टीसाठी आवडत होता.

निवृत्त झाल्यावर मामा अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. तिथे त्यांच्या घशाचं दुखणं निघालं. मी भेटायला गेलो तेव्हा आवाज पुरता गेलेला होता. राजापेठ दणाणून सोडणारा माणूस खाटेच्या लाकडावर बोटानं तीनदा टकटक करून लेकीला बोलवायचा. मध्ये तेवढंच थांबून. लेक म्हणाली, "पयल्या टकटकीले आली तरी तीन पुऱ्या करतातच बाबा." आम्ही दोघंही हसलो आणि दोघांनाही रडू आलं. निघताना मामांनी माझं मनगट धरलं, वामन टेलरच्या शटरपाशी धरलं होतं तसंच. ओठ हलले. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. मी कान तोंडाजवळ नेला, पण नुसता वारा येत होता. थोड्याच दिवसांत मामा गेले. मी अकोल्याला जाऊन माती देऊन आलो. फार जवळचा माणूस गेला माझा.

आता नवा बेलिफ आहे. भला पोरगा आहे, पण घाईत असतो. शटरला कागद चिकटवतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि गाडीला किक मारतो. दुकानदार जेवून येतो तेव्हा त्याला कळतं, तेही कधी शेजाऱ्याकडून. आमच्या मालकाच्या मुलाला आमची लाइन पाडून तिथे क्लासेसची इमारत बांधायची आहे. केस चालू आहे. वकील म्हणतो, दिवाळीपर्यंत काही हलत नाही, तुम्ही निवांत किल्ल्या घासा.

गेल्या आठवड्यात, भर दुपारी, मी दुकानात बसलो होतो. मे महिन्यातली अमरावतीची दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, निम्मी शटरं खाली होती. मी एक किल्ली घासत होतो. आणि रस्त्याच्या मधून, दुभाजकापाशी जिथून ते चालायचे तिथून, तो आवाज आला. दुखण्याआधीचा, छातीतला.

"शेख रशीद वल्द शेख करीम, हाजीर हाय का?"

मी उठून दारात आलो. रस्ता पांढरा पडला होता. कुणी नव्हतं. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. एखादा माणूस हातातलं काम ठेवून बाहेर येईल तेवढा वेळ झाला. त्याच्या दुप्पट झाला. दुसरी आली नाही. लहानपणी अम्मी बजावायची, "बेटा, दोपहर को एक आवाज आई तो जवाब नै देना." आणि मग मला त्या स्कूटरवरचं बोलणं आठवलं. मी जिता हाओ तवर नाई.

मी उंबऱ्यात उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "ओ, मामा. आलो."

मग आत गेलो, खुर्चीवर चढलो आणि अब्बांनी लावलेली आयतीची फ्रेम उतरवून कपड्यात बांधली. कागद अजून आलेला नाही. भिंतीवर फ्रेमच्या जागी एक स्वच्छ चौकोन राहिला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, काहून काढली. मी म्हणतो, मामा सांगून गेले.