तिसऱ्या पाळीतली माणसं

गुणाजी परबांच्या गिरणीत दोनशे सात माणसं होती आणि त्यांत एकही बदली नव्हता. सगळे कायम. ही गिरणी कॉम्प्युटरात आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे मला पत्ता विचारत बसतील.

परब फोर्टातल्या आमच्या विमा ऑफिसात लिफ्टमन होते. वीस वर्षं त्यांनी मला तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि खाली आणलं, पण तेवढ्या काळात आमचं जेमतेम चार वाक्यं बोलणं झालं असेल. माणूस मूळचा मालवणकडचा. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आला आणि लालबागच्या एका गिरणीत मागांवर लागला. लागला म्हणजे बदली म्हणून. बदली म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं. रोज पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी, त्याच्या मागावर काम करायचं. सगळे आले तर घरी परत. परब सोळा वर्षं असे गेटवर उभे राहिले. मग संप झाला, गिरणी बंद पडली, आणि कायम व्हायचं राहिलं ते राहिलंच.

लिफ्टवरून निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना शाल, नारळ आणि एक जुना कॉम्प्युटर दिला. त्याच महिन्यात जुने कॉम्प्युटर काढायचे होते, म्हणून दिला. औदार्य वगैरे काही नाही. तो आमच्या विभागातल्या किर्तीच्या टेबलावरचा होता. त्यात एक गेम होता. किर्ती जेवणाच्या सुट्टीत तो खेळायची आणि साहेब आले की पडदा बदलायची. कारखाना उभारायचा, यंत्रं आणायची, निळ्या टोपीची ठेंगणी माणसं कामाला लावायची, असा काहीतरी. प्रत्येक माणसाला नाव देता येई, इंग्रजीत, बारा अक्षरांपर्यंत.

परबांनी त्या माणसांना आपल्याबरोबर गेटवर उभं राहणाऱ्यांची नावं दिली. गावासकट. शिवा आचरा. दीपक पोईप. हरेश्वर मिठबाव होता, पण बारा अक्षरांत मिठबावचं फक्त 'मि' मावलं. एका कारखान्यात ऐंशीच माणसं बसत, म्हणून त्यांनी तीन कारखाने काढले. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. पहिल्या दोन भरल्या, तिसरीत सत्तेचाळीस. घरच्यांना वाटे, म्हातारा खेळतोय, खेळू दे.

मला हे कळलं ते एका फोनमुळे. पडद्यावर रोज लाल अक्षरांत एक इंग्रजी वाक्य येतं, त्याचा अर्थ सांगा, म्हणाले. मी एकेक अक्षर वाचून घेतलं.

"तुमच्या कारखान्यात गरजेपेक्षा जास्त कामगार आहेत, काहींना कमी करा, असं म्हणतोय तो."

"म्हणूंदेत," परब म्हणाले आणि फोन ठेवला.

ते ऐकलं त्याला झाली सहा-सात वर्षं. यंदा पाडव्याला त्यांची सून अनुजा हिने नवा कॉम्प्युटर घेतला. जुना धापा टाकत होता आणि लालबागच्या त्या खोलीत दोन कॉम्प्युटर ठेवायचे तर एका माणसाला बाहेर झोपावं लागेल. शनिवारी जुना भंगारात, असं ठरलं. अनुजा मनाने चांगली आहे. तिने सासऱ्यांच्या गेमचं चित्र पेनड्राइव्हवर ओढून घेतलं आणि नव्या कॉम्प्युटरवर आणून ठेवलं. त्याच्यावर टिचकी मारली की काहीच होईना.

गुरुवारी सकाळी मला फोन. "मॅडम, गिरणी उघडत नाय."

"मी काय करू? मला तर माझा मोबाइल धड उघडत नाही."

"तुम्ही ग्रॅज्युएट."

अर्थशास्त्राच्या पदवीचा याच्याशी काय संबंध, हे मी त्यांना विचारलं नाही. गिरगावातून टॅक्सी केली, लालबागला परबांना आणि दोन्ही कॉम्प्युटरांना उचललं, आणि चिंचपोकळी स्टेशनजवळच्या मेघनाच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात गेले. टॅक्सीत परबांनी जुना डबा मांडीवर घेतला होता.

"एवढं काय आहे हो त्या खेळात?" मी विचारलं.

"नावं."

"ती तुम्हाला ठाऊक आहेतच की."

"होती, मॅडम. बारा वर्षांमागे होती म्हणून घातली." त्यांनी बोटाने डोक्यावर टकटक केलं. "हय आता नाय ऱ्हवली. आता ती थंयच."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस.

मेघना चाळिशीची, अंबाड्यात पेनासारखा स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. तिने आधी अनुजाचा पेनड्राइव्ह पाहिला आणि हसली.

"मावशी, हे गेम नाही. ही नुसती दारावरची पाटी आहे. घर तिकडेच राहिलं."

मी तिची मावशी नाही, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. तिने जुना कॉम्प्युटर जोडला आणि गेमचं मूळ फोल्डर शोधून काढलं. त्यात 'सेव्ह' नावाचं आणखी एक फोल्डर होतं. "यातच असणार सगळं," ती म्हणाली आणि अख्खं फोल्डर नव्यावर उतरवलं. तेवढ्यात मला शेजारी एक नाव दिसलं. किर्ती. आत तिचे महाबळेश्वरचे फोटो, कुणाला तरी लिहिलेली पत्रं, आणि कसली कसली इंग्रजी नावांची फोल्डरं.

"हे उडवून टाक," मी मेघनाला म्हणाले. "डबा भंगारात जायचा आहे. बाईची खासगी पत्रं भंगारवाल्याने वाचायला नकोत."

"उडवू? नक्की?"

"अगं, विचारतेस काय? माझ्या ऑफिसातली बाई ती. मी सांगते ना."

तिने उडवलं. कचऱ्याच्या टोपलीतही राहू नये म्हणून शिफ्ट दाबून उडवलं. मीच म्हटलं, पक्कं उडव. माझ्या शिस्तीचा मला तेव्हा अभिमानच वाटला.

मग नव्या कॉम्प्युटरवर गेम. तो उघडायलाच तयार नाही. हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही, अशी इंग्रजी पाटी. मेघनाने उजव्या बटणाने कुठलीशी यादी काढली, तिच्यात जुन्या विंडोजचं नाव निवडलं.

"आता काय केलंस?" मी.

"नवा कॉम्प्युटर गेमला सांगणार, की मी जुनाच आहे."

"म्हणजे फसवायचो त्याका?" परब.

"हो काका, थोडंसं."

"बरा. गिरणीत माणसां लावणारो जॉबर तसाच करायचो."

आणि गेम उघडला! धुराड्यातून धूर निघाला, तोच तो टिणटिण आवाज आला, परब खुर्चीत पुढे सरकले. पण धुराड्याखाली माणूस नव्हता. रिकामं पटांगण, आणि 'नवा कारखाना सुरू करा' असं एक बटण. पहिली पाळी नाही, दुसरी नाही, तिसरी नाही.

"माणसां खंय गेली?"

कुणालाच कळेना. गेम तोच आणि आवाजही तोच. फोल्डर तर आमच्या डोळ्यांदेखत आणलेलं. मेघनाने 'सेव्ह' फोल्डर उघडलं. ते रिकामं होतं. तिने पुन्हा जुना लावला, त्यातही रिकामं. जुन्यावरच गेम चालवून पाहिला, तर तिथेही रिकामं पटांगण! काल रात्रीपर्यंत, परब शपथेवर सांगत होते, सगळे जागच्या जागी होते. मग दोन तासांत दोनशे सात माणसं गेली कुठे? मी मेघनाला म्हटलं, तुझ्याच हातून काहीतरी झालं. मेघना म्हणाली, मावशी, मी फक्त कॉपी केलं, कॉपी केल्याने मूळ जात नाही. मी म्हटलं, मग भूत शिरलं का? दोघी एकमेकींवर आवाज चढवायला लागलो, तेव्हा परब मधेच बोलले.

"गो बाय, ह्या मशीन कोणाच्या नावार हा?"

"म्हणजे?"

"मशीन सुरू झाला की नाव कोणाचा येता?"

मेघनाने पाहिलं. "नाव विचारत नाही हा, थेट उघडतो. पण आत..." तिने कुठेतरी टिचकी मारली. "किर्ती. गुणाजी नावाचं या मशीनवर काही नाहीच, काका. त्याच्या मते इतकी वर्षं किर्तीच खेळत होती."

"मग बरोबर," परब शांतपणे म्हणाले. "मी बदली. बदलीवाल्यान विणलेलो माल कायमवाल्याच्या नंबरार चढता. माझी माणसां तिच्या नावाखाली बघ."

मेघनाचा हात कपाळाला गेला. "आई गं! जुने गेम सेव्ह करायला जातात, विंडोज त्यांना स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही, गुपचूप युजरच्या नावाखाली ठेवते. मला माहीत होतं हे. ते 'सेव्ह' नाव बघून मी..." तिने माझ्याकडे पाहिलं.

उडवलं होतं मी. तिचा फक्त हात होता.

परबांना अजून कळलं नव्हतं. ते पडद्याकडे बघत बसले होते, आता येतील माणसं म्हणून. कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते काम मेघनाचं नव्हतं.

"परब, ते किर्तीचं फोल्डर मी उडवायला लावलं. तुम्ही तिथेच बसला होतात. मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते गोंधळले. "पण तुम्ही ग्रॅज्युएट," एवढंच म्हणाले.

मेघनाने जुना कॉम्प्युटर तडक बंद केला. चालू राहिला की उडवलेल्या जागेवर दुसरं काही लिहिलं जातं, म्हणाली. आधीच आपण त्यावर गेम चालवून बसलो. तिने आतली डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या मशीनला लावली आणि पुसलेलं शोधणारा कसलासा प्रोग्रॅम सुरू केला. एक हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. मी तिला दर दहा मिनिटांनी विचारत होते, किती राहिलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "मावशी, चहा पिऊन या." मी गेले नाही. परब तर जागचे हललेही नाहीत. लघवीला गेले तेवढेच, तेही मला खुर्ची राखायला सांगून.

संध्याकाळी साडेपाचला पट्टी भरली. नावं हरवलेल्या हजारभर फायली बाहेर आल्या. त्यांत महाबळेश्वरच होतं बरंच. मेघनाने तारखा बघून तीन फायली वेगळ्या काढल्या, आधी प्रत्येकीच्या दोन-दोन कॉप्या केल्या, मग नव्या कॉम्प्युटरात किर्तीऐवजी जे नाव होतं त्याखाली ठेवल्या. ते नाव अनुजाचं होतं. परबांचं इथेही नाही.

पहिली पाळी उघडली. ऐंशी निळ्या टोप्या इकडून तिकडे चालू लागल्या. वर लाल अक्षरांत तेच वाक्य: काहींना कमी करा. दुसरीही उघडली. परब एकेका टोपीवर बाण नेऊन नाव वाचत होते, ओठ हलवत.

तिसरी उघडली नाही. मेघनाने पाच-सहा प्रकारे प्रयत्न केला. फाईल आली होती, पण मधून अर्धी दुसऱ्याच कशाने भरलेली. सत्तेचाळीस माणसं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. परबांनी हाताने थांबवलं.

"तिसऱ्या पाळीक माणसां कमीच येयत, मॅडम."

मला आजवर कळलेलं नाही, की ते मला सोडून देत होते की नुसतं खरं काय ते सांगत होते.

त्यानंतर दर मंगळवारी मी लालबागला जाते. अनुजा चहा टाकते आणि परब खुर्चीत डोळे मिटून बसतात. नाव आठवलं की सांगतात, मी नव्या तिसऱ्या पाळीत टाइप करते, आणि उठायच्या आधी मेघनाने शिकवलंय तसं दोन पेनड्राइव्हवर उतरवते. दोन महिन्यांत एकोणीस झाली. मी उतावळी बाई, पण तिथे घड्याळ बघत नाही. कधी पूर्ण नाव येतं, कधी नुसतं गाव. कधी गड्याला तंबाखू कुठली लागायची ते येतं आणि नाव येत नाही. मग तो तसाच राहतो, बिनटोपीचा. बारा वर्षं घरात कुणाला न सांगितलेल्या गोष्टी परब आता फोन करकरून लोकांना विचारतात. अँटॉप हिलला एका जुन्या सोबत्याची मुलगी असते, तिच्याकडून दोन नावं मिळाली. तिच्या वडिलांचं नाव मात्र आधीच दुसऱ्या पाळीत होतं, हे ऐकून तिने ते फोनवर दोनदा वाचून घेतलं म्हणे.

परवा विसावं आलं. वामन, गाव तळगाव. बारा अक्षरांत ते एका अक्षराने मावेना, म्हणून मी गावाऐवजी आडनाव विचारलं.

"आडनाव?"

"साटम." मग डोळे उघडले. "नाय. सावंत. थांबा... साटम."

"एक काय ते सांगा हो. साटम की सावंत?"

परबांनी दोन्ही नावं ओठांत म्हणून पाहिली. बाहेर अनुजाचा कुकर तीन शिट्ट्या देऊन थांबला.

"घाला सावंत," ते म्हणाले. "चुकला तर तो येतलो सांगूक."

मी सावंत घातलं.