अटेंडंटला सांगितलंय

माझ्या मोठ्या जाऊबाईंना एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा रेडिएशन न देता परत पाठवलं, तेव्हा मी आबिड्सच्या ऑफिसात रजेचा अर्ज टाकला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः त्यांच्यासोबत गेले. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. उपचाराने बरा होण्यासारखा आहे, पण मध्ये खंड पडू द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. तरी खंड का पडतोय, ते घरात कुणी धड सांगेना. त्यांना रोज नेणाऱ्या त्यांच्या मुलाला, माझ्या पुतण्याला, फोनवर विचारलं तर म्हणाला, "काकू, ते मशीनचं काहीतरी असतं."

मशीनचं काहीतरी! आयटीतला मुलगा हा.

दिलसुखनगरहून निघताना मी फाइल, पाण्याच्या बाटल्या, शाल, बिस्किटं असं सगळं पिशवीत घेतलं. रेडिएशन विभाग तळघरात होता. पुतण्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला. जाऊबाई गाऊन घालून आत गेल्या आणि थोड्याच वेळात टेक्निशियन बाहेर आला.

"सर, आज भी ब्लॅडर खाली है. अम्मा को समझाते नहीं क्या आप?"

पुतण्या कानापर्यंत लाल झाला. आई बाहेर आली तेव्हा तिच्याकडे न बघताच म्हणाला, "आई, पाणी जास्त पी म्हणतायत."

"प्यायले की रे बाटलीभर!"

"मग अजून पी."

संपलं. साहेब परत लॅपटॉपमध्ये.

मी जाऊबाईंना पलीकडच्या बाकावर नेलं. "ताई, बाटलीभर पाणी गेलं कुठं?"

"कुठं म्हणजे? आत जायच्या आधी जाऊन आले. तपासणीच्या बाई दर वेळी सांगायच्या ना, लघवी करून या म्हणून. आणि परक्या पुरुषांपुढं टेबलावर आडवं व्हायचं, काही झालं तर? मी आपली मोकळी होऊनच जाते."

माझं डोकंच फिरलं. तपासणीला मूत्राशय रिकामं हवं, मशीनखाली भरलेलं हवं. दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर, पण ही दुसरी जिला पाळायची तिला कुणी दिलीच नव्हती. ती मुलाला दिली होती. आमच्याकडचे मुलगे आईसाठी गाडी काढतात, रांगेत उभे राहतात, औषधं आणतात. पण तिच्यासमोर 'लघवी' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नाही. पाणी पी, इथपर्यंत त्यानं पोचवलं. ते रोखून धर, हे गिळून टाकलं.

तेवढ्यात जाऊबाईंनी माझा हात धरला. "मला खरं सांगशील? मला घेत नाहीत, कारण आता उपयोग नाही. हौ ना? पोरगा माझ्याकडं बघत पण नाही. उद्यापासून येणं नक्को, असं आजच सांगून टाकणार होते मी."

मी उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. तरुण मुलगी होती, बाहेर पेशंटची ही रांग, चेहरा थकलेला. ते दिसत होतं, तरी मी थांबले नाही.

"समजावून सांगणं झालंय, मॅडम," ती हिंदीत म्हणाली. "अटेंडंटला सांगितलंय. त्यांची सहीपण आहे."

"आणि पेशंट तेव्हा कुठं होत्या?"

"बाहेर बसल्या होत्या. मुलगा म्हणाला, मी सांगतो."

"त्या भाजीवाल्याशी तेलुगूत भांडतात आणि शेजारणीशी उर्दूत. त्यांना हिंदीत सांगितलेलं कळलं नसतं?"

तिनं आजची यादी पुढं ओढली. शेवटचा नंबर लावते, तोवर त्यांना पाणी प्यायला द्या, एवढं म्हणाली. लघवी का रोखायची, तेही मी तिच्याकडून नीट समजून घेतलं आणि बाहेर येऊन जाऊबाईंना सांगितलं. लघवीची पिशवी भरली की आतडी वर ढकलली जातात, किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. रिकामी असली की ती खाली उतरतात आणि भाजतात. "म्हणून परत पाठवतात, ताई. तुमची आतडी वाचावीत म्हणून. आजार वाढला म्हणून नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे त्या मेल्याला सांगता येत नव्हतं?"

त्या पाणी प्यायल्या आणि गुडघे जुळवून बसून राहिल्या. मी बोलायला गेले की "हसवू नकोस गं" म्हणायच्या. अखेर त्यांना आत घेतलं आणि या वेळी दार बराच वेळ बंद राहिलं. बाहेर आल्या त्या मला ढकलतच. "सरक, आधी जाऊ दे मला!"

निघणार तोच नर्सनं दारातून हाक मारली. पुढचा टप्पा आतून द्यायच्या रेडिएशनचा, त्याबद्दल डॉक्टरांना बोलायचं होतं. "पेशंटचे अटेंडंट आत या."

पुतण्या सवयीनं उठला. इतकं सगळं होऊनही!

"तू बस," जाऊबाई म्हणाल्या. "नाहीतर चहा घेऊन ये जा." आणि पदर सारखा करून स्वतःच आत गेल्या, मागोमाग मी.

डॉक्टर मुलीनं फाइल उघडली आणि सांगायला सुरुवात केली, माझ्याकडे बघून. मी माझी खुर्ची उचलली आणि जाऊबाईंच्या पाठीमागे नेऊन ठेवली.