सैफुद्दीनची बाज

किन्हीराजात आमच्या शेजारी हाजराबी राहायची. लोकांच्या गोधड्या शिवून पोट भरायची. नवरा सैफुद्दीन दूर गोव्यात, पोर्तुगीज साहेबाकडे खानसामा. वर्षाकाठी यायचा, हाजराबी चार दिवस गोड बोलायची, मग भांडायला लागायची. त्यांची लेक तिकडेच दिलेली, तिकडेच बाळंतपणात गेली. तिची पोर हुस्नाबानो साहेबाच्या लेकरांत वाढली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी म्हातारा नातीला घेऊन जऊळक्याच्या टेसनावर उतरला, तो तापानं फणफणतच.

पोरीला आपली बोली येईना. म्हातारा बाजेवर पडल्या पडल्या बायकोला पोरीच्या पोर्तुगीज बोलीतले दोन शब्द शिकवायचा. 'अव्हॉ' म्हणजे आजी, 'अव्हो' म्हणजे आजा. आमच्या कानाला दोन्ही एकच.

"कानानं नको आयकू, तिचं तोंड पाह्य. आजीले तोंड उघडते, आजाले ओठ गोल होतात."

"म्हंजे तुमाले पापा, अन् मले जांभई!" हाजराबी म्हणाली. म्हातारा हसला. ते त्याचं शेवटचं हसणं.

तो गेल्यावर पोरगी रिकाम्या बाजेपाशी बसून बोलू लागली. मधेच थांबायची, ऐकायची, मान हलवायची. हाजराबी गोधडी तशीच मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राही. ओठ दरवेळी गोलच. पण बाजेपाशी बसून पोर दोन घास तरी खायची.

आमच्यात मेल्या माणसाची बाज उलटी करून ठेवतात. माझी सासू मनकर्णाबाई मायेनंच गेली आणि भर दुपारी बाज उलटी करून भिंतीकडेला ठेवून आली. "आता नाही येत थो, माय," म्हणाली.

त्या घडीपासून पोरीनं तोंड मिटलं, भुईवर पडून राहिली. पाणी पाजलं तर गालावरून ओघळे. डोळे खोल गेले, आणि ते बाजेच्या वर झालेल्या पायांवरून हलेनात.

"सूनबाई," हाजराबी मला म्हणाली, "म्हातारा पोरीले घेऊन चालला वं."

मग तिनं स्वतःच बाज सुलटी केली. मी भाकर घेऊन दारात उभी. हाजराबीनं ओठ गोल केले. "अव्हो!" आणि पुढं आपल्या बोलीत, "सारी उमर मले गोव्याले नेलं नाही, आता हिले कायले नेता? जेव म्हणा तिले. तिच्यापाशी मी हाये ना!"

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. पोरगी उठून बसली. बाजेकडे कान दिला. माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं, पण मला नाही, बाजेला. मग चालत आली, माझ्या हातची भाकर घेतली, कोर मोडली आणि चावू लागली.

बाजेचा सुंभ करकरला, जड माणूस उठताना करकरतो तसा. मधला झोळ हळूहळू वर आला.

हाजराबीनं डोक्यावर पदर घेतला आणि दाराच्या वाटेतून बाजूला सरकली. मीही सरकले.