पेटीवरचा आळ

मेश्राम काका पत्ते सुरेख पिसायचे, पण पिसलेले पत्ते कधी वाटायचे नाहीत. अमेरिकेत वेस्ट विंडसरच्या त्यांच्या घरी रविवारी दुपारी मेंढीकोट रंगायचा. कोणी स्वतःच पिसून स्वतःच वाटायला लागलं, की काका त्याच्या मनगटावर हात ठेवून डाव थांबवत. "पिसणारा वेगळा, काटणारा वेगळा, वाटणारा वेगळा. संविधान वाच जरा. कायदा करणारा आणि निवाडा देणारा एकच असतो का?" पाहुणे हसत. काका हसत नसत. आज काका नाहीत, पण मी अजून पिसलेले पत्ते मुकाट्याने दुसऱ्याच्या हातात देते.

आम्ही एकाच औषध कंपनीत संख्याशास्त्राचं काम करायचो. ते साठीला टेकलेले, मी नुकतीच नोकरीला लागलेली. नागपूर सुटून त्यांना निम्मं आयुष्य झालं होतं, बोली मात्र सुटली नव्हती. अधूनमधून ते मला आणि शीलाकाकूंना अटलांटिक सिटीला न्यायचे. काकू समुद्राकाठी फिरायच्या आणि काका कसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते मोजायचे. लहान पत्ता उघडला की मनात अधिक एक. दश्शी, चित्र किंवा एक्का उघडला की वजा एक. मधले, सत्ती ते नव्वी, शून्य. बेरीज वाढली म्हणजे मोठे पत्ते अजून मागे आहेत, डाव आपल्याकडे झुकलाय. "हा जुगार नाही, पाठांतर आहे," असं ते काकूंना पटवत. काकूंना ते कधीच पटलं नाही, पण समुद्राची हवा मानवायची.

२००४च्या सुमारास त्या टेबलावर पत्ते पिसणारी काळी पेटी आली आणि काकांचं गणित बिघडलं. बेरीज म्हणायची राजे येतील, यायच्या दुर्री-तिर्री. "पेटीत बायस आहे," काका गाडीत धुसफुसले. "ती मला फसवून राहिली." एकदा तर पत्ते वाटणाऱ्या रोझाला त्यांनी तोंडावरच विचारलं, की या पेटीला लबाडी कोण शिकवतं? बिचारीचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.

काकूंनी मला एकदा स्वयंपाकघरात गाठलं. "यांचे वडील याच वयात माणसं विसरायला लागले होते," त्या हळूच म्हणाल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेटी साफ असेल, तर दोष काकांच्या डोक्यात होता, आणि काका नेमके त्यालाच भीत होते.

शेवटी काकाच म्हणाले, "टेस्ट घरी करू. कंट्रोल्ड कंडिशन. तू पिस, शीला काटेल, उघडतो मी." काकांनी एक पत्ता न बघता पालथा ठेवला आणि बाकीचे ते भराभर उघडत गेले. सगळ्या पत्त्यांची मिळून बेरीज शून्य येते, म्हणून उरलेल्या बेरजेवरून झाकलेला पत्ता लहान, मधला की मोठा ते कळायला हवं होतं.

"मोठा," काका म्हणाले. बदामाची तिर्री निघाली.

पुन्हा केलं. "लहान." इस्पिकचा राजा. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला मान वर करवेना. काका मात्र हळूहळू हसायला लागले. "पेटी साफ आहे बाप्पा. उगाच आळ घेतला."

काकूंनी त्यांना डॉक्टरकडे नेलंच. वयाने मोजणी मंदावली आहे, त्यापलीकडे भिण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी त्या दिवशी पुरणपोळी केली.

पुढच्या खेपेला काका थेट रोझापाशी गेले आणि माझंच चुकलं, सॉरी, असं सरळ म्हणाले. ती थक्क झाली. या पेटीला रोज कोणीतरी चोर म्हणतं, ती म्हणाली, पण परत येऊन माफी मागणारे तुम्ही पहिलेच. मग काका न मोजता खेळायला बसले. मी मागे उभी होते. थोड्या वेळाने त्यांनी मला खूण करून पुढे बोलावलं आणि समोरच्या पत्त्याकडे बोट दाखवलं.

"अगं, ही राणी पाहिली का? हातात फूल घेऊन उभी आहे! इतकी वर्षं मला नुसता वजा एक दिसत होता."