मोठेकाका आणि कार्बनची नळी

माझे मोठेकाका पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या काठ्या बनवायचे. लग्न ठरलं तेव्हा काकूच्या वडिलांना कोणीतरी सांगितलं होतं की मुलगा पुलाच्या कामात आहे, आणि त्यांनी ते नदीवरचे पूल समजून होकार दिला होता. काकू लग्नानंतर कारखान्यात पहिल्यांदा आली, तेव्हा भिंतीला टांगलेले पातळ दांडे बघून तिने विचारलं म्हणे, की यावरून माणसं चालतात कशी. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की ती सांगताना आता कोणी हसतही नसे, तरी पाहुण्यांसमोर निघायचीच.

कारखाना म्हणजे घरामागची एक लांबोडकी खोली. एका भिंतीला लाकूड कातायचं लेथ, दुसऱ्या भिंतीला मेपलच्या लाकडाचे चौकोनी दांडे, डोक्याशी दोरी बांधून टांगलेले. काठीचे दोन भाग असतात. मागची जाड मूठ आणि पुढचा निमुळता शाफ्ट, ज्याच्या टोकाला चामड्याची टिप बसवतात. मूठ कोणीही करेल, असं मोठेकाका म्हणायचे. शाफ्ट मात्र घाईने होत नाही. दांडा लेथवर चढवायचा, थोडासा उतरवायचा आणि परत टांगून ठेवायचा. कापलं की लाकूड आतून वळतं, त्याला दम खाऊ द्यावा लागतो. मग पुन्हा थोडं. असं करत करत टोक करंगळीएवढं बारीक व्हायला वर्ष निघून जायचं, आणि इतकं करूनही एखादा शाफ्ट शेवटच्या फेरीत वाकडा निघायचा. मोठेकाका तो काचेवर लोळवून बघायचे, बाजूला ठेवायचे आणि त्या दिवशी जेवताना फारसं बोलायचे नाहीत.

माझे बाबा त्यांचे धाकटे भाऊ. आजी-आजोबा लवकर गेले, त्यामुळे बाबांना मोठेकाकांनीच वाढवलं. शाळेतून आलेला धाकटा भाऊ कारखान्यात डोळ्यांसमोर राहावा म्हणून त्यांनी कोपऱ्यात एक मोडकं टेबल आणून ठेवलं होतं. त्या टेबलावर बाबा खेळायला शिकले. पुढे ते शहरातल्या क्लबांमध्ये सगळ्यांत चांगले खेळाडू म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि एका मोठ्या हॉलमध्ये शिकवायचं कामही त्यांना मिळालं. ते खेळायचे ती काठी अर्थात मोठेकाकांनी केलेली. लोक बाबांचा खेळ बघायचे आणि काठी कोणाची ते विचारत आमच्या घरी यायचे. मोठेकाकांच्या धंद्याला कधी पाटीसुद्धा लागली नाही.

मग कार्बन फायबरचे शाफ्ट आले. काळे कुळकुळीत, आतून पोकळ. ते उन्हात वाकत नाहीत, ओलीत फुगत नाहीत, आपटले तरी खोक पडत नाही, ओल्या फडक्याने पुसले की झालं. हॉलमधल्या तरुण मुलांनी आधी घेतले, मग त्यांच्या बापांनी. मोठेकाकांनी एक हातात घेऊन बघितला, बोटाने टकटक केलं आणि परत केला. त्यानंतर कोणी टिप बदलायला तसला शाफ्ट घेऊन आलं तर ते म्हणायचे, "नळीचं काम मी करत नाही. नळवाल्याकडे जा." माणूस हसायचा, मोठेकाका हसायचे नाहीत. हळूहळू गिऱ्हाईक पातळ झालं. तरी ते म्हणायचे, छोट्या माझ्या लाकडाने जिंकतोय तोवर मला कोणाला काही पटवायची गरज नाही. छोट्या म्हणजे बाबा.

आणि नेमके त्याच सुमाराला बाबा हरायला लागले.

आधी एखादा सामना गेला, तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. मग ज्यांना बाबांनीच शिकवलं होतं तेही त्यांना हरवू लागले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली की वय झालं, आणि मग त्याहून सोपं कारण सापडलं, की लाकूड आता पुरं पडत नाही. एक जुने क्लबवाले गृहस्थ बाबांना समोरच म्हणाले की भावाची माया ठीक आहे, पण हट्टापायी नाव घालवू नका. बाबांनी ऐकून घेतलं. घरी येऊन त्यांनी ते सांगितलं नाही. मोठेकाकांच्या कानावर मात्र दुसरीकडून आलं.

ते मोठेकाकांना फार लागलं. दोष आपल्या हाताचा आहे असंच त्यांनी धरलं. बाबांसाठी ते एकामागून एक शाफ्ट करू लागले. एक जरा बारीक केला, एक टोकाशी हलका केला, एकाला पुढून आतून पोखरून बघितलं. सगळ्यांत जुनं, काकूच्या लग्नाआधीपासून टांगलेलं मेपल त्यांनी त्यात वापरलं. बाबा प्रत्येक शाफ्ट घ्यायचे, "छान आहे, दादा" म्हणायचे, आणि हरून यायचे. काकू माझ्या आईला म्हणाली की हे माणूस झोपेतही हात फिरवत असतं, लेथवर असल्यासारखं.  आईला खरं कारण ठाऊक होतं, पण बाबांनी तिला शपथ घातली होती.

शेवटी एका दुपारी मोठेकाका हॉलमध्ये गेले. दुपारी तिथे गर्दी नसते. बाबा एकटेच सराव करत होते. मोठेकाका मागच्या बाकावर बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मी त्या दिवशी बाबांचा डबा घेऊन गेले होते. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा त्यांनी मान वळवली नाही.

त्यांना काय दिसलं ते त्यांनी मला पुढे कधीतरी समजावलं. या खेळात काठीने पांढरा बॉल मारून त्याने समोरचा बॉल टेबलाच्या भोकात घालायचा असतो. पांढऱ्या बॉलला मधोमध मारलं तर तो सरळ जातो. पण खेळात बहुतेक वेळा त्याला जरा बाजूला मारून फिरकी द्यावी लागते, आणि तसं मारलं की काठीच्या टोकामुळे तो किंचित उलट बाजूला सरकतो. टोक जितकं जड, तितकं सरकणं जास्त. लाकडाने खेळणारा हे सरकणं हिशेबात धरूनच नेम घेतो. समोरचा बॉल जवळ असेल तर हिशेब थोडा, लांब असेल तर जास्त. बाबांचे सरळ फटके लांबूनही जात होते. फिरकीचे फटके जवळून जात होते. फक्त फिरकी आणि अंतर दोन्ही एकत्र आले की चुकत होतं, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला. शाफ्टमध्ये खोट असती तर चूक एकाच बाजूला झाली असती.

त्या रात्री सगळे एकत्र जेवत होतो. बाबांनी काकूच्या पेल्यात पाणी ओतायला तांब्या उचलला आणि धार पेल्याच्या अलीकडे, टेबलावर पडली. काकू "असू दे, असू दे" म्हणत फडकं आणायला उठली. बाबांनी मग तांब्याची कड पेल्याला टेकवली आणि पाणी ओतलं. मोठेकाकांनी घास खाली ठेवला.

जेवण झाल्यावर त्यांनी बाबांना कारखान्यात बोलावलं. माझ्या हातात दिव्याचा नवा बल्ब दिला होता, तो लावायच्या निमित्ताने मी तिथेच राहिले, आणि मला कोणी जा म्हटलं नाही.

"डोळ्याचं कधीपासून?" मोठेकाकांनी विचारलं.

 बाबा म्हणाले, "तुला हिने सांगितलं?"

"तुझ्या बायकोने काही सांगितलं नाही. पाणी ओतताना तूच सांगितलंस."

बाबा मोडक्या टेबलाच्या कडेवर बसले. उजव्या डोळ्याचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं होतं, पण त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार यापलीकडे फारसं कळत नव्हतं, आणि ते परत येणार नव्हतं. एका डोळ्याने सगळं दिसतं, फक्त किती लांब आहे ते कळत नाही. जिना उतरताना कळत नाही, पेला धरताना कळत नाही. हे सगळं ते खाली बघत, दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तसं सांगत होते.

"आणि मला बोलला नाहीस," मोठेकाका म्हणाले.

"बोललो असतो तर तू मला नळी घे म्हणाला असतास. तिला तो हिशेब फारसा लागत नाही, टोक हलकं असतं. मी खेळून बघितलीय, दादा. लांबचे बॉल जातात तिने. पण मी ती हातात घेतली की तुझ्या दाराशी कोण येणार?"

 मोठेकाका भिंतीवरच्या दांड्यांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "जा, झोप."

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच बाहेर पडले. ज्या दुकानाचं नाव निघालं तरी ते विषय बदलायचे, त्याच दुकानात गेले आणि कार्बनचा शाफ्ट घेऊन आले. दुकानदार त्यांना ओळखत होता. त्याने थट्टा केली असेल असं आम्हाला वाटलं होतं, पण तो बिचारा उठून उभा राहिला आणि त्याने स्वतःहून चार शाफ्ट काढून दाखवले, असं मोठेकाका म्हणाले.

तो शाफ्ट बाबांच्या जुन्या मुठीच्या पेचावर, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या स्क्रूवर, बसत नव्हता. ती मूठ मोठेकाकांनी बाबांच्या पहिल्या मोठ्या सामन्यासाठी केली होती, आणि तिच्यातला पितळी पेच त्यांनी स्वतः कातलेला होता. नवी मूठ करता आली असती. पण हाताला सवय असलेलं वजन बदलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मूठ लेथवर चढवली, जुना पेच कापून काढला, भोक मोठं करून त्यात नवा बसवला. काकू दारात उभी राहून बघत होती. ती मला म्हणाली की जुना पेच काढताना त्यांनी लेथ दोनदा बंद केला.

बाबांनी ती काठी बघितली आणि घ्यायला नकार दिला. आवाज चढला, आई मध्ये पडली, बाबा म्हणाले की तुझ्या हाताची काठी सोडून मला जिंकायचं नाही.

"मग हर," मोठेकाका म्हणाले. "पण स्वतःच्या चुकीने हर. माझं लाकूड आता तुला हरवतंय, आणि ते मला रोज बघावं लागतंय. हे तू माझ्यावर उपकार करतोयस का?"

बाबांनी काठी घेतली, पण राग गेला नाही. पुढचे कितीतरी दिवस ते कारखान्याकडे फिरकले नाहीत. समोर आले तरी कामापुरतं बोलायचे. आम्हा पोरांना तेव्हा वाटायचं की एवढं भलं केलं त्याचा राग कसला. आता वाटतं, बाबा भावासाठी काही करत होते आणि तेही भावाने काढून घेतलं, त्याचा तो राग असावा.

क्लबांच्या वार्षिक सामन्यांत बाबा ती काळी काठी घेऊन उतरले तेव्हा हॉलमधले सगळे माना वळवून बघू लागले. लांबचे बॉल जात होते. सगळे नाही, पण जात होते. बाबा उपांत्य फेरीपर्यंत पोचले आणि तिथे एका मुलाने त्यांना स्वच्छ हरवलं, कारण तो मुलगा खरंच चांगला खेळला. बाबांनी त्याची पाठ थोपटली. घरी येताना ते सरळ कारखान्यात गेले, स्टूल ओढून बसले आणि मोठेकाकांना सामना पहिल्या फटक्यापासून सांगत बसले. काकूने दोघांचा चहा तिथेच नेऊन दिला.

मात्र बाबा म्हणाले होते ते खरं झालं. मोठेकाकांनी स्वतःच्या भावाला कार्बन दिला, ही बातमी सगळीकडे गेली. डोळ्याचं कोणाला सांगायचं नाही असं बाबांचं म्हणणं होतं, त्यामुळे लोकांनी आपापला अर्थ काढला. लाकडी शाफ्ट मागायला येणारे उरलेसुरले लोकही थांबले. मोठेकाकांनी कोणाला खुलासा केला नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, त्याला ती मानवली.

पोटापाण्यासाठी त्यांनी जिन्याच्या कठड्यांचे खांब कातायचं काम घेतलं. लाकूड साधं, काम भराभर व्हायचं, दम खाऊ द्यायची गरज नसायची. भिंतीवरचे मेपलचे दांडे त्यांनी विकले नाहीत आणि कातलेही नाहीत. एकदा मी विचारलं की मग ते तसेच का ठेवलेत. ते म्हणाले, वाळतायत. ते वर्ष त्यांना फार कठीण गेलं. काकू म्हणायची, घरात आहेत पण घरात नाहीत.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते त्याच दुकानदाराने. कार्बनच्या शाफ्टला लागणाऱ्या लाकडी मुठी तो बाहेरून मागवायचा, आणि वजनाचा तोल जमत नाही म्हणून गिऱ्हाईकं कुरकुरायची. तो एक दिवस बाबांची काठी बघायला आला, मूठ हातात तोलून बघितली आणि अशा मुठी करून द्याल का म्हणाला. मोठेकाका लगेच हो म्हणाले नाहीत. आठवडाभराने त्यांनी भिंतीवरचा पहिला दांडा उतरवला. पुढची सगळी वर्षं त्यांनी मुठीच केल्या. आनंदाने केल्या असं मी म्हणणार नाही, पण एकही वाईट केली नाही.

मोठेकाका फुप्फुसांच्या आजाराने गेले. आयुष्यभर लाकडाचा भुसा श्वासातून आत गेला होता. शेवटच्या दिवसांत बोलताना दम लागायचा म्हणून बाबा नुसते शेजारी बसून असायचे. एकदा मोठेकाकांनी त्यांना विचारलं की दुसरा डोळा तपासून घेतोस ना. बाबा म्हणाले, घेतो. "नक्की?" त्यांनी विचारलं. "नक्की, दादा," बाबा म्हणाले. त्यानंतर त्यांच्यात महत्त्वाचं असं काही बोलणं झालं नाही.

लेथ एका फर्निचरवाल्याने नेला. काकू आता आमच्याकडे राहते. बाबा सामने खेळत नाहीत, पण हॉलमध्ये शिकवायला अजून जातात. नवीन पोरं त्यांना विचारतात की लाकडी घ्यावी का कार्बनची. बाबा दोन्ही काठ्या हातात देतात, बॉल लांब लावतात आणि म्हणतात, फिरकी देऊन मार, मग बघू.