नंबर लावला, लागला

सातवीत मी गाईडच्या पथकात गेले ती केवळ शिट्टीसाठी. निळा फ्रॉक, गळ्यात स्कार्फ आणि पांढऱ्या दोरीला लटकणारी शिट्टी. वर्षाची फी तीन रुपये होती, ती बाबांनी मुकाट्यानं दिली. स्कार्फचे पैसे देताना जरा कुरकुरले. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या गाईडच्या बाईंनी पैठणचं शिबिर जाहीर केलं आणि वर सांगितलं, की शिबिराचे वीस रुपये घरून आणलेले चालणार नाहीत. ते 'खरी कमाई'तूनच यायला हवेत.

खरी कमाई म्हणजे शेजारीपाजारी जाऊन काम मागायचं, करायचं, आणि मिळतील ते पैसे घ्यायचे. बाई प्रत्येकीला एक पिवळं कार्ड देत. त्यावर तारीख, कामाचं स्वरूप, मोबदला आणि सही असे रकाने. ते ज्याचं काम केलं त्यानंच भरायचे. स्वतःच्या घरचं काम धरलं जात नसे.

बाबा सरकारी कचेरीत कारकून. त्यांना हे अजिबात पटलं नाही. "वीस रुपयांसाठी माझी मुलगी लोकांची भांडी घासणार? मी भरतो की."

"घासू द्या हो," आई म्हणाली. "घरी कपबशी विसळत नाही, तिथं तरी विसळेल."

मला मात्र पैठणला जायचंच होतं. त्याचं कारण सांगायला आता लाज वाटते. शिबिर धरणाजवळ होतं आणि तिथं रोज आंघोळ करायला मिळेल असं बाई म्हणाल्या होत्या. रोज! त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. त्या वर्षांत शहर चहूकडं पसरत होतं. आमची कॉलनीही नवीकोरी, कालपरवापर्यंत तिथं ज्वारी होती. प्लॉट पडले, घरं झाली, भिंतीत नळ बसले. पाणी तेवढं पैठणला राहिलं. त्यातून दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. टँकर एक दिवसाआड यायचा, आणि आई अंग पुसण्याला आंघोळ म्हणायला लागली होती.

कार्ड घेऊन निघाले तेव्हा कळलं, की दुष्काळानं खरी कमाईसुद्धा आटवली आहे. मागच्या वर्षीच्या मुलींनी भांडी घासली होती, बागेला पाणी घातलं होतं, एकीनं तर डॉक्टरांची मोटार धुतली होती. यंदा लोक भांडी राखेनं कोरडीच घासत होते, बागा वाळल्या होत्या, आणि मोटार धुते म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी मोटारच मागितली. चार घरं फिरून मी हात हलवत परतले.

शेवटी तारलं ते कोपऱ्यावरच्या मुसलमान मावशींनी; सगळे त्यांना खाला म्हणत. त्या एकट्या राहायच्या आणि गुडघ्यांनी बेजार होत्या.

"बेटा, घुटने नको बोल रहे," त्या म्हणाल्या. "तू बस नंबर लगा दे, पानी मैं भर लेतूं."

टँकर यायच्या आधी तास-दीड तास रिकामे हंडे ओळीत मांडून ठेवायचे, त्याला आमच्याकडं नंबर लावणं म्हणत. नुसते हंडे ठेवून भागत नसे. उभं राहावं लागे, नाहीतर मागचा हंडा पुढं सरकायचा आणि विचारलं तर कुणीच सरकवलेला नसायचा. मी शिट्टी वाजवून हंडे राखले. खालांना मराठी वाचता येई, लिहिताना मात्र हात अडखळे. त्यांनी सावकाश, अक्षर जुळवत कार्डावर लिहिलं: 'नंबर लावला. एक रुपया.'

मग माझा धंदा वाढला. खालांच्या शेजारी कन्नड तालुक्यातले एक काका राहायचे. गावाकडं शेती, इथं कंपनीत पाळीची नोकरी. त्यांचे हंडे आले. त्यांच्यामागून आणखी दोन घरांचे आले. कॉलनी सगळी नोकरदारांची, त्यामुळं पुढच्या दोघांनी वरची ओळ वाचून खाली ऐटीत 'वरीलप्रमाणे' असं लिहून सही ठोकली. काका मात्र तपशिलात शिरले. 'नंबर लावला. लागला. दोन रुपये.' एकदा टँकर आमच्या आधीच संपला. मी रडकुंडीला आले.

"आगं, टँकर सपला त्याला तू काय करशील?" काका म्हणाले. "आन ते कार्ड हिकडं." आणि त्यांनी लिहिलं: 'नंबर लावला. लागला नाही. तरी आठ आणे दिले.'

तीन आठवड्यांत बावीस रुपये जमले. मी कार्ड आणि पैसे बाईंच्या टेबलावर ठेवले आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

बाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या घरी विहीर होती आणि ती आटली नव्हती. टँकरच्या ओळीत त्या आयुष्यात उभ्या राहिल्या नव्हत्या. दुसरी गोष्ट, शाळेजवळ एक पानटपरी होती, तिथं मटक्याचे नंबर घेत. बाई आम्हाला तिच्यासमोरून रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं न्यायच्या, तेही माना खाली घालायला लावून. त्यांनी माझं कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं. 'लागला नाही'पाशी त्यांचं बोट थांबलं. पैसे मोजलेसुद्धा नाहीत. एक चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वडिलांनाच दे. शिबिराचं नंतर बघू."

चिठ्ठी मी रस्त्यातच वाचली. 'आपली मुलगी नंबर लावते व त्यातून पैसे मिळवते. त्वरित भेटावे.' मला वाटलं, रांगेत उभं राहणं हे बाईंच्या मते काम नसावं. माझं पैठण गेलं. बाबांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा साफ उतरला. आईनं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, वर्गणीचं आहे." त्या संध्याकाळी ते छावणीच्या बाजारात भाजी आणायलाही गेले नाहीत. एरवी रोज जायचे, आणि बऱ्याचदा इतका वेळ लावून एक कोथिंबिरीची जुडी आणायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाईंसमोर उभे राहिलो. बाईंनी कार्ड पुढं सरकवलं आणि तोंड उघडलं, तोच बाबांनी हात जोडले.

"बाई, पोरीला काही बोलू नका. मी लावतो. माझंच बघून शिकली असेल. पण मी छोटाच लावतो हो, रुपया-दोन रुपये."

मी थक्क झाले. बाबा, आणि रांगेत? बाबांवर खोटं बोलण्याची पाळी यावी हे मला सहन झालं नाही.

"नाही हो बाई!" मी ओरडले. "बाबा कधीच लावत नाहीत! आई रोज कानीकपाळी ओरडते, की अहो, एक दिवस तरी नंबर लावा!"

बाईंनी खुर्चीचा हात धरला. "तुझी आईसुद्धा?"

"आईच तर आधी लावायची. आता तिची कंबर धरलीय, म्हणून आमच्या घरचा पण मीच लावते."

"कुठं लावतेस तू?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"टँकरला," मी म्हटलं.

बाई आधी कार्डाकडं, मग माझ्याकडं आणि मग बाबांकडं बघत राहिल्या. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मग बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. हसू आवरल्यावर त्यांनी वीस रुपये मोजून घेतले, दोन मला परत केले आणि कार्डावर लाल शाईत 'उत्तम' असं लिहिलं. बाबांना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही या आता. मी काही ऐकलं नाही."

परतताना सायकलच्या दांडीवर बसून मी कोथिंबिरीच्या जुडीचा विचार करत होते, आणि हळूहळू सगळं कळत गेलं. रागही आला. पण बाबांनी मला एकदाही विचारलं नव्हतं, की तू खरंच लावलास का. आधी स्वतःला पुढं केलं. माझ्या बापाचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि तो वाटावा कशावरून, तर जुगाराच्या कबुलीवरून!

"आईला सांगशील?" त्यांनी मागून विचारलं.

गाईड विश्वसनीय असते, हा आमचा पहिला नियम. कुणाशी, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मी पैठणला जाईन तेव्हा नंबर तुम्ही लावायचा. आपला आणि चारी घरांचा."

शिबिरात मी पाच दिवसांत सात आंघोळी केल्या. आल्यावर आई कौतुकानं सांगत होती, "पोरगी शिबिराला गेली आणि शिस्त यांना लागली! छावणी नाही की काही नाही, दर टँकरला हंडे घेऊन उभे."

बाबांनी मला अंगणात बोलावून मुठीतली नाणी माझ्या हातात ठेवली. ते नको नको म्हणत असताना खालांनी आणि काकांनी त्यांच्या खिशात घातलेली.

"तीन रुपये आहेत," ते हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांत नंबर लावून घरी आलेले हे पहिलेच पैसे."

पुढच्या वर्षीची माझी गाईडची फी आम्ही त्यातूनच भरली.